दोन नंबरची तार

एस्पॅन्योला गावात, नदीकडच्या रस्त्यावर,
डेल्फिनोच्या गॅरेजात पोरं येतात
गाडी बुटकी करायला, नाहीतर काचा थरथरवायला.
युफेमियाबाई आल्या ऑर्गन ऐकायला.

वय बहात्तर. चाळीस वर्षं
डोंगरावरच्या चर्चमध्ये पायांनी खर्ज वाजवलेली बाई.
चर्चने ऑर्गन विकून छपरावर पत्रे घातले.
बाईंनी जुन्या ब्यूइकच्या डिकीत
हजार वॉटचा ॲम्प्लिफायर घातला,
नातवाकडून, एका दुपारी, घाईत.

"सगळ्यात खालचा सूर लागला," त्या म्हणाल्या,
"की हेडलाइट मान टाकतात.
आणि सूरही बसतो, सर्दी झाल्यासारखा."

डेल्फिनोने मला चाकू दिला. "सोल."
अंगठ्याएवढी लालभडक तार.
सोलली, तर बहुतेक प्लास्टिकच,
आत वातीएवढा तारांचा झुपका.
खरवडला. वर तांब्याची साय,
खाली पांढरं ॲल्युमिनियम.
बडा घर, पोकळ वासा.
पाकिटावर मात्र छापलेलं: आठ नंबर, हजार वॉट.

पुठ्ठ्यावर पेन्सिलीने हिशेब.
बाहेर हजार हवेत तर आत साडेबाराशे,
भागिले पावणेचौदा व्होल्ट,
नव्वद अँपिअर, वर चिल्लर.
बॉनेटपासून डिकीपर्यंत, गालिच्याखालून,
टेप म्हणाली सोळा. वळणांना एक धरून सतरा फूट.

"दोन नंबर लागेल," डेल्फिनो म्हणाला.
"आठावरून दोनवर? म्हणजे आणखी बारीक?"
"जाड. तार भोकांतून ओढून काढतात, बाई.
जितक्यांदा ओढली तितकी बारीक,
आणि तितका आकडा चढता."
"उलटंच तुमचं. आमच्यात आठ फुटी नळी,
मग सोळा फुटी. आकडा मोठा, सूर खोल."

मग गप्प झाल्या. बाहेर कुणीतरी
मिरच्या भाजत होतं, आम्ही दोघं खोकलो,
बाई खोकल्या नाहीत.

"म्हणजे भाता," त्या म्हणाल्या.
"मी नवी होते तेव्हा सगळे स्वर एकदम दाबले
की ऑर्गन खचायचा.
आबुंदिओ नावाचा पोरगा भाता मारायचा,
सगळे त्यालाच बोलायचे.
भाता भरलेला होता हो.
नळ्यांकडे जाणारी वाट अरुंद होती.
सुताराने एका उन्हाळ्यात ती रुंद केली.
तोवर आबुंदिओ गाव सोडून गेला होता."

तीस वर्षं पोरांना हे समजावून थकलेल्या डेल्फिनोने
पेन्सिल कानावर ठेवली.

बाईंनी पाकिटातून नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
"चार नंबर नाही चालायची?"
"चालेल. हळू ऐकणार असाल तर."
"दोनच घाला."

बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज.
पत्र्याच्या भोकाला रबरी कडं, धार लागू नये म्हणून.
परतीची तारही तेवढीच जाड;
जाताना हमरस्ता आणि येताना पायवाट,
असं विजेला चालत नाही.
डिकीतला रंग मी घासला
लोखंड चमकेपर्यंत, मग बोल्ट आवळला.

संध्याकाळी शटर ओढून त्यावर हेडलाइट सोडले.
बाई आत बसल्या, दार लावून.
त्या चर्चमधल्या शेवटच्या रविवारचं रेकॉर्डिंग.
खालचा सूर आला तो आधी टेबलावर,
नटांच्या डब्यात, मग माझ्या दाढांत.
मीटरवर जेमतेम पाव व्होल्ट पडला.
शटरवरचा उजेड जागचा हलला नाही.
काचेतून दिसलं,
बाईंनी बूट काढले होते
आणि डावा पाय ब्रेकच्याही डावीकडे
काहीतरी चाचपत होता.

जाताना त्यांनी तारेचा उरलेला तुकडा मागून घेतला.
मी टेप लावली. बरोबर एक फूट.
म्हणजे गाडीत गेली ती
सोळा फुटी.